रात्रभर गाडी पेलली, म्हणून स्टँड सुरक्षित?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचकाने आठ महिन्यांपूर्वी घरगुती वापरासाठी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. त्यावर चपलांचा रॅक, एक स्टूल, फाटकाची कडी अशी कामं केली. गाडीचं इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ते स्वतःच बदलतात. गाडी चौदा वर्षांची छोटी हॅचबॅक आहे आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून तिथे तळहाताएवढं भोक पडलं आहे. खालून काम करता यावं म्हणून त्यांनी ४० × ४० × ५ मिमीच्या अँगलचे चार जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे आधार) वेल्ड केले. रॉड २.५ मिमीचा, ६०१३ या साध्या प्रकारचा, करंट ७० अँपिअर, मशीनला २० मीटरची एक्स्टेन्शन वायर. रॉड अधूनमधून चिकटत होता. गाडीचा पुढचा भाग दोन स्टँडवर रात्रभर ठेवला, काही झालं नाही. तरी पत्नी त्यांना गाडीखाली जाऊ देत नाहीत. थोरले भाऊ म्हणतात, हे आपलं काम नव्हे, मशीन विकून टाक. वाचक विचारतात: स्टँड वापरू का? भोक याच मशीनवर बुजवता येईल, की मिग मशीन (रॉडऐवजी बारीक तार आपोआप पुढे सरकवणारं) घेऊ? आणि घरच्यांचा माझ्या छंदालाच विरोध आहे, त्यांना कसं समजावू?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, कारण ते थांबू शकत नाही. त्या स्टँडवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. एकदाही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

आता कारण. तुम्ही रात्रभराच्या चाचणीवर भरवसा ठेवला आहे, तेव्हा आधी ती चाचणी नेमकं काय सांगते ते बघू. छोट्या गाडीचा पुढचा भाग साधारण साडेपाचशे-सहाशे किलो धरला, तर एका स्टँडवर तीनशे किलोच्या आसपास भार आला. ५ मिमी बाजूच्या कोपरा-वेल्डचा, म्हणजे फिलेटचा, भार पेलणारा पातळ भाग साडेतीन मिमी भरतो. साध्या लोखंडावरचं चांगलं वेल्ड दर मिलिमीटर लांबीला चाळीसेक किलो निर्धास्त पेलतं. एका स्टँडच्या चार पायांवर मिळून तुम्ही १६० मिमी तरी वेल्ड केलं असेल. म्हणजे कागदावर सहा टनांच्या वर. याचा अर्थ असा की तुमच्या वेल्डचा फक्त दहावा हिस्सा आतपर्यंत वितळून जुळला असता आणि बाकीचं सगळं नुसतं वर बसलेलं असतं, तरीही गाडी रात्रभर शांत उभी राहिली असती. चांगला स्टँड आणि वाईट स्टँड यांतला फरक त्या चाचणीत दिसणं शक्यच नव्हतं.

शिवाय त्या रात्री गाडीला कुणी हात लावला नव्हता. खाली झोपलेला माणूस गंजलेला बोल्ट सोडवायला लांब दांड्याचा पाना लावतो आणि तीस-चाळीस किलोच्या जोराने आडवा हिसका देतो. तो हिसका स्टँडच्या माथ्यावर येतो, आणि खालच्या जोडाला वाकवायला बघतो. फिलेटच्या मुळाशी, म्हणजे दोन पट्ट्या जिथे भिडतात त्या कोपऱ्यात, धातू जुळलेला नसेल तर तिथे आधीपासूनच एक चीर तयार असते. सरळ दाबात ती चीर गप्प बसते; वाकवणारा जोर आला की तिथून वेल्ड सोलल्यासारखं उघडतं. त्याआधी करकर नाही, वाकणं नाही, कसलीच सूचना नाही. कारखान्यात बनलेल्या स्टँडचा पाया रुंद असतो, कुलपाची पिन असते, त्यावर भाराची क्षमता लिहिलेली असते आणि ते मुद्दाम जादा भार देऊन तपासलेल्या नमुन्याप्रमाणे बनतात. असे दोन घ्या. घेताना लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, ते वाचा.

स्टँड कुठलाही असो, जमीन सपाट आणि टणक हवी. डांबर उन्हात दबतं. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. स्टँड गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा, गंजलेल्या पत्र्याखाली नाही. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. खाली जाण्यापूर्वी जॅक किंचित टेकलेला असतानाच दोन्ही हातांनी गाडीला बाजूने जोरात ढकलून बघा. हलली, सरकली, तर ती आत्ताच कळू दे.

तुमच्या चार स्टँडचं काय करायचं? त्यातले दोन ग्राइंडरने कापा. हे वाचून वाईट वाटेल, मेहनत आहे त्यात. पण आठ महिन्यांत तुम्ही जे शिकला नाहीत ते एका दुपारी शिकाल. कटिंग व्हीलने वेल्ड आडवं कापा, कापलेला तोंडाचा भाग आधी फ्लॅप डिस्कने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. दोन पट्ट्यांच्या मधली काळी रेघ कुठवर जाते ते बघा. ती कोपऱ्याच्या अलीकडेच, वेल्डच्या धातूपाशी संपायला हवी. रेघ थेट कोपऱ्यापर्यंत जाऊन वेल्डच्या खालून पुढे सरकलेली दिसली, तर धातू वर ओतला गेला आहे, आत गेलेला नाही.

तुमच्या बाबतीत तसंच दिसेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. ५ मिमीच्या अँगलला ७० अँपिअर कमी आहे. २.५ मिमीच्या ६०१३ रॉडची कक्षा साधारण ६० ते १०० अँपिअर असते. एवढ्या जाडीला ८५ ते ९५ लागतील, किंवा ३.१५ मिमीचा रॉड घेऊन ११० ते १२०. रॉड चिकटत होता हीदेखील तीच तक्रार आहे. मशीनला दोष देण्याआधी एक्स्टेन्शन वायर बघा. एक चौरस मिमीची २० मीटर तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटरचा प्रवास होतो. पंधरा अँपिअर खेचताना त्यातच दहा व्होल्टच्या आसपास गळतात आणि वायर तापते ती वेगळी. ती गुंडाळीत ठेवलेली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकतं. किमान २.५ चौरस मिमीची वायर वापरा आणि पूर्ण उलगडून ठेवा.

‘करंट वाढवला की कडेला भोक पडतं’ असंही तुम्ही लिहिलं आहे. मात्र भोक करंटमुळे कमी आणि थांबण्यामुळे जास्त पडतं. अँगलच्या उघड्या कडेला उष्णता पसरायला जागा नसते. तिथे पोचताना रॉड जाड भागाकडे झुकवा आणि कडेवर रेंगाळू नका. आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यातल्या ज्योतीची, लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे अडीच मिमी. त्याहून लांब केली की थेंब उडतात, वेल्डमध्ये हवेची छिद्रं राहतात आणि कडेला धातू खाल्ला जातो. रॉड पुढे जाण्याच्या दिशेकडे दहा-वीस अंश कलता धरून ओढत न्या, ढकलू नका. ढकलला तर स्लॅग, म्हणजे रॉडच्या आवरणाचा वितळलेला मळ, वितळलेल्या धातूच्या पुढे धावतो आणि मुळाशी अडकतो. सुरुवातीचा सेंटिमीटर नेहमी थंड असतो. म्हणून आर्क जोडावरच, पण थोडा पुढे पेटवा, मागे आरंभाला या आणि मग पुढे चला, म्हणजे पेटवल्याची खूण वेल्डखाली वितळून जाते. शेवटी रॉड झटकन उचलू नका, क्षणभर थांबून खड्डा भरा, कारण चीर बहुतेक त्या खड्ड्यातून सुरू होते. आणि अँगलवरची निळसर-काळी पपडी ग्राइंडरने घासून चकचकीत लोखंड काढल्याशिवाय आर्क पेटवूच नका.

यापुढे प्रत्येक नव्या जाडीसाठी एक चाचणी करा. ही फुकट आहे आणि फसवत नाही. सहा मिमी जाड, पन्नास मिमी रुंद, शंभर मिमी लांब अशा दोन पट्ट्या. एक आडवी, एक तिच्यावर उभी. फक्त एका बाजूने वेल्ड करा. पाण्यात बुडवू नका, हवेत थंड होऊ द्या. आडवी पट्टी व्हाइसमध्ये घट्ट पकडा आणि उभी पट्टी हातोडीने वेल्डच्याच बाजूला पाडा, म्हणजे वेल्डचं मूळ ताणून उघडेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. पट्टी पूर्ण झोपली आणि वेल्ड तुटलं नाही, तर उत्तम. तुटलं तर आत बघा. पट्टीची मूळ कापलेली कड सरळ, धारदार, जशीच्या तशी दिसते? मुळाशी वितळलंच नाही, करंट वाढवा किंवा वेग कमी करा. काचेसारखी राखाडी रेघ? स्लॅग अडकला. गोल छिद्रं? आर्क लांब, लोखंड घाण, किंवा रॉड दमट. ६०१३ दमट वाटले तर शंभर अंशांच्या आसपास तासभर सुकवून चालतात. ७०१८ या जास्त ताकदीच्या रॉडांची गोष्ट वेगळी. त्यांना ओल अजिबात चालत नाही, पुन्हा भाजायला तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं, आणि घरी तेवढी सोय नसेल तर नुसतं ‘जास्त मजबूत रॉड’ म्हणून ते आणण्यात अर्थ नाही. तुमचा जोड कमजोर आहे तो रॉडमुळे नाही.

आता भोक. तुम्ही थेट ‘कशाने बुजवू’ इथे पोचला आहात. मी दोन पावलं मागे नेतो.

पत्रा वरून गंजला की खालून? पायाखालचा पत्रा बहुतेक वेळा गालिचाखाली साचलेल्या पाण्याने आतून कुजतो. ते पाणी येतं कुठून, हे आधी शोधा. एसीच्या पाण्याची नळी तुंबली किंवा निसटली, तर पाणी गाडीत उतरतं. समोरच्या काचेखालच्या पन्हळीत पाला साचला, तर पाणी पंख्याच्या वाटेने आत येतं. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजली किंवा आतला प्लास्टिकचा पडदा सुटला, तरी तेच. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. हे न शोधता ठिगळ मारलं, तर नवा पत्रा त्याच वाटेने जाईल.

दुसरं, भोक तळहाताएवढं नाही. गालिचा आणि खालचे डांबरी थर खरवडून काढा आणि पेचकसाच्या टोकाने चहूबाजूंनी टोचत जा, जिथे टोक आत जात नाही तिथे निरोगी पत्रा सुरू होतो. दिसणाऱ्या भोकाच्या दुप्पट-तिप्पट जागा निघाली तर आश्चर्य मानू नका. तुमचा निर्णय या रेषेवर ठरतो. गंज फक्त सपाट तळाच्या पत्र्यात असेल, तर काम घरी शिकून करता येण्यासारखं आहे. तो दाराखालच्या कडेच्या पेटीत, सीटच्या किंवा सीट बेल्टच्या बोल्टपाशी, सस्पेन्शन किंवा इंजिनाचा सांगाडा जिथे अडकतो तिथे पोचला असेल, तर हात थांबवा. तिथला पत्रा अपघातात तुम्हाला वाचवण्यासाठी आहे, आणि अनेक गाड्यांत तो खास कडक पोलादाचा असतो. वेल्डच्या उष्णतेने त्याची ताकद उतरते आणि ती उतरली हे वरून दिसत नाही. ते काम बॉडी शॉपचं आहे.

सपाट तळाचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी. तुमच्या २.५ मिमीच्या रॉडने तो टिकणार नाही, प्रत्येक ठिणगीबरोबर भोक मोठं होईल. बारीक रॉड आणि फार कमी करंट घेऊन दीड मिमीपर्यंत कुशल हात काम करतो, पण गंजाने झिजलेल्या गाडीच्या पत्र्यावर शिकायला ती जागा नव्हे. इथे मिगच लागतं, ०.६ किंवा ०.८ मिमीची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. बिनगॅसची फ्लक्स भरलेली तार मिळते, पण ती जास्त तापते आणि पातळ पत्र्यावर आवरायला अवघड जाते. तीच वापरायची असेल, तर मशीनमधली जोडणी उलटवावी लागते: साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्हला, बिनगॅसच्या तारेला निगेटिव्हला. ही एक अदलाबदल विसरल्यामुळे अनेकांना मशीनच खराब वाटतं.

फक्त एका ठिगळासाठी मिग मशीन घेऊ नका. कुणाचं काही दिवसांसाठी मिळालं तर आणा, आणि गाडीला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या रद्दी पत्र्यांवर सराव करा. सलग दहा ठिगळं भोक न पडता आणि पत्रा न वाकता जमली, मग गाडी. नाही जमली, तर गालिचा काढून, गळती शोधून, जागा खरवडून गाडी बॉडी शॉपला न्या. कष्टाचा मोठा भाग तुम्ही केलेलाच असेल.

करायचं ठरलं, तर सीट बाहेर काढा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि एअरबॅग असतील तर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच सीटखालचे कनेक्टर काढा. अर्थ क्लॅम्प ठिगळाच्या शेजारी, घासलेल्या लोखंडावर लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो. पत्र्याच्या खाली ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, तारांचा जुडगा कुठून जातो ते आधी बघा आणि हलवता येईल ते हलवा. पेट्रोलची नळी बाजूला करता येत नसेल, तर हे काम घरी करायचं नाही. ठिगळ १ मिमी पत्र्याचं, चहूकडून १२ ते १५ मिमी चढणारं कापा, कोपरे गोल करा. जिथे ठिगळ मूळ पत्र्यावर चढतं तिथे ठिगळात ५-६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा, म्हणजे खालचा पत्रा पकडला जाईल, आणि कडेला चाळीस-पन्नास मिमीवर एकेक टाका मारा. मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने मधले टाके. शेजारचा टाका हाताला सोसेल इतका थंड झाल्याशिवाय पुढचा नाही. सलग ओढलात, तर पत्रा फुगून वाकतो.

पाणी आणि अग्निशामक हाताशी हवा, आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूकडे बघणारा एक माणूस हवा, कारण हेल्मेटमधून तुम्हाला तिकडची ठिणगी दिसत नाही. काम संपल्यावर तासभर गाडी सोडून जाऊ नका. डांबरी थर आतल्या आत धुमसतो.

तुम्ही ब्रेकचं काम करता, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे वेल्ड करायच्या जागेवर कधीही मारू नका. क्लोरीन असलेला क्लीनर आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतो, आणि थोडासाही ओलावा उरला असेल तर धोका आहे. साफ करायला ॲसिटोन घ्या आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा असेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा. त्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो, आणि दूध प्यायल्याने तो टळत नाही. पेट्रोलची टाकी, रिकामी आणि धुतलेली असली तरी, नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न. पत्रात तुम्ही दोघांची मतं एकाच पारड्यात टाकली आहेत. ती एक नाहीत. तुमच्या पत्नीने वेल्डिंगला विरोध केलेला नाही. रॅक घरात वापरतात, स्टुलावर बसतात. त्या एकच म्हणतात, या स्टँडवर गाडीखाली जाऊ नका. त्यांचं बरोबर आहे. तसं त्यांना स्पष्ट सांगा, आणि कापलेला जोड दाखवून सांगा. भाऊंचं अर्धं बरोबर आहे. गाडीचा भार, सीट बेल्ट, ट्रेलरचा हुक, इंजिन उचलायचा सांगाडा ही घरची कामं नव्हेत, कारण जोड तुटला तर माणूस सापडतो. पण कामाचं टेबल, ग्राइंडरचा स्टँड, टायर ठेवायचा रॅक, पाइप कापताना टेकू देणारे घोडे, व्हाइसची बैठक ही सगळी तुमच्या मशीनची, तुमच्या हाताची कामं आहेत. उरलेल्या दोन स्टँडचे तसे घोडे करा, आणि त्यावर रंगाने ‘गाडीसाठी नाही’ लिहा, म्हणजे उद्या दुसरं कुणी चुकून उचलणार नाही. मशीन विकू नका.

आणि ठिगळ पूर्ण झालं, की लगेच गालिचा पसरू नका. घासून झिंक प्रायमर द्या, चढलेल्या कडा वरून-खालून सीम सीलरने बंद करा, कारण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी गेलं की आतून गंज सुरू होतो. सीलर सुकला की खालून डांबरी लेप द्या. मग गाडी पाइपने भरपूर धुवा, एसी तासभर चालवा, आणि दोन दिवस उघड्या पत्र्याला हात लावून बघा. कोरडा राहिला, तरच गालिचा.